नावाभोवती गेरू

केडगाव, ता. दौंड
१० जुलै २०२४

चि. सौ. प्रतिभा हिला कुशाआत्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन दारात उभा राहून किती येळ हाका मारत व्हता म्हणं, शेजारणीनं सांगितलं. मला कुठलं ऐकू येतंय! कान पार गेले. तुझ्या शंभूनं दिलेला फोन हाय, पर तो हलायला लागला की मी नुसती त्याच्याकडं बघत बसते. म्हणून तू लिवायचं मनावर घेतलंस ते लई बरं केलंस. नवऱ्याच्या आत्याला पत्र लिवणारी सून आमच्या भावकीत तू पयलीच.

दिवसभर काय करता म्हणून ईचारलंस. मिशनच्या सैपाकघरात सव्वीस वर्सं भाकरी थापल्या, आता दोन वर्सं झाली, बसून हाय. स्टेशनच्या अंगाला खोली घेतलीय. एकटीचा सैपाक तो कितीसा? दोन भाकरी झाल्या की दिवस माझ्याकडं बघतो आन् मी दिवसाकडं.

हसू नगंस, पर मी चित्रं रंगवते. मिशनात अनुपमाबाई म्हणून रिटायर मास्तरीण हायेत. त्यांच्यात डोळं मिटून प्रार्थना करत्यात. मी डोळं मिटलं की मला झोप लागायची. बाई म्हणाल्या, कुशाबाई, तुमचे हात काय गप ऱ्हात न्हाईत, तर तुम्ही हातानंच करा. कागदाच्या मधी एका माणसाचं नाव लिवायचं. त्याला कडं काढायचं. मंग त्याच्या भवतीनं हाताला येईल ते काढत जायचं, ठिपका म्हणा, पान म्हणा, नागमोडी म्हणा, आन् रंग भरायचा. मागायचं कायबी न्हाई. हात चालतोय तंवर ते माणूस आपल्यापाशी बसलंय. बाई त्यांच्या येशूसाठी करत्यात, मी बिरोबाला सांगून करते. देवांचं देव बघून घेतील.

मला फुलं येत न्हाईत. मला येत्यात त्या घोंगडीच्या कडा, आन् आमचा बा मेंढरांच्या पाठीवर गेरूनं करायचा ती खूण. तेच काढते. काल म्हस्कूदादाचं, तुझ्या सासऱ्याचं, नाव घेतलं व्हतं. त्याला सांगू नगंस, म्हणंल बहीण बिघडली.

तुझं बरं हाय ना? पत्रात तीनदा "बाकी ठीक" लिवलंयस. एकदाच लिवलं असतंस तर पटलं असतं.

तुझी,
कुशाआत्या


न्हावरे, ता. शिरूर
२४ जुलै २०२४

ती. आत्यांना सा. न.

पकडलंत तुम्ही मला. बाकी ठीक नाही. चौथा महिना लागलाय.

मागचे दोन्ही चौथ्यातच गेले, हे तुमच्या कानावर आलं असेल. पहिल्या वेळी तर पेढे वाटून झाले होते. या वेळी कुणाला सांगायचं नाही असं सासूबाईंनी बजावलंय, म्हणून माहेरीसुद्धा बोलले नाही. तुम्हाला लिहितेय, कारण तुम्ही फोनवर कुणाला काही सांगू शकत नाही. रागावू नका, खरं तेच लिहिलं.

हे सकाळी कंपनीच्या बसनं रांजणगावला जातात. परत आले की जेवतात आणि झोपतात. ओव्हरटाइम लागला की तेवढंही नाही. वस्तीवर आमचं एकच घर, चहूकडं ऊस. सासूबाई देवापुढं बसवतात. मी हात जोडते आणि मनात काहीच येत नाही. दोनदा मागितलं, दोनदा गेलं. आता मागायचीच भीती वाटते आत्या. मागितलं की जाईल असं वाटतं.

म्हणून तुमचं ते काही न मागता करायचं मला फार आवडलं. तुमच्या कागदात एकदा माझं नाव घालाल का? आणि पुरं झालं की तो कागद मला पाठवा. मी उशीखाली ठेवीन. घरात कुणाला कळू देणार नाही.

आपली,
प्रतिभा


केडगाव
२९ ऑगस्ट २०२४

चि. सौ. प्रतिभा हिला आशीर्वाद.

उशीर झाला म्हणून कावली असशील. घाई करून व्हत न्हाई हे. तुझं नाव अकरा दिवस रंगवत व्हते.

मधी तुझं नाव. त्याला गेरूचं तांबडं कडं. खडू न्हाई वापरला, खरा गेरू भिजवून काडीनं लावलाय. त्याच्या भाईरनं घोंगडीची काळी कड. मंग चारी अंगांनी बाची खूण, तीन ठिपके आन् एक आडवी रेघ. ही खूण पाठीवर असली ना, की मेंढरू कुठंबी चुकलं तरी लोक वळखायचे आन् आमच्या वाघराच्या जाळीत आणून सोडायचे. म्हणून तुझ्या भवतीनं काढली. पोटातल्यालाबी कळू दे, कुठल्या कळपातलं हाय ते. कोपऱ्यांत पानं काढायला गेले तर ती डोळ्यांगत झाली. पानंच हायेत, समजून घे.

वरच्या बाजूला सुईनं दोन भोकं पाडल्यात, वाटलं तर दोरा ओवून टांगता यावं. देवाचा भंडाराबी घातलाय चिमूटभर. पाकीट जपून उघड, साडीवर सांडंल.

आन् एक सांगते. या अकरा दिवसांत मला खोलीत एकटं वाटलं न्हाई. रोज भाकरी थापताना वाटायचं, पोरीपुरती एक जास्तीची टाकावी. एक दिवस टाकलीबी. मंग मीच खाल्ली दुसऱ्या दिवशी.

तुझी,
कुशाआत्या


केडगाव
२५ सप्टेंबर २०२४

चि. सौ. प्रतिभा हिला आशीर्वाद.

गणपती येऊन गेले, तुझं पत्र न्हाई. कागद पोचला का? पोस्टात जाऊन ईचारलं. तिथला बाबा तोंड हलवून कायतरी म्हणाला, मंग त्यानं कागदावर लिवून दिलं, "साधं टपाल, सांगता येत नाही." त्यालाबी माझ्याशी लिवावं लागलं, त्याचा कंटाळा त्याच्या तोंडावर दिसत व्हता.

कागद आवडला नसंल तर तसं सांग, मला राग येत न्हाई. मला दुसरीच धास्ती हाय. चौथा संपून पाचवा गेला असंल ना गं? व्हय का न्हाई, एका शब्दात लिव.

मी परत तुझंच नाव घेऊन बसलीय. दुसरं सुचत न्हाई.

कुशाआत्या


केडगाव
२० ऑक्टोबर २०२४

हे कार्ड घरातलं कुणीबी वाचावं. प्रतिभा बरी हाय का, एवढंच कळवा. मला येता येत न्हाई असं न्हाई, पर बोलावल्याबिगर यायची माझी सवय न्हाई, आन् फोन करून उपेग न्हाई.

कुशाबाई, केडगाव


न्हावरे
४ नोव्हेंबर २०२४

आत्या,

प्रतिभा सुखरूप आहे. सातवा चालू आहे. तुमचं पत्र आणि कार्ड मिळालं. उत्तर द्यावं की नाही ठरत नव्हतं, म्हणून उशीर झाला.

तुमचं ते पाकीट बरोबर अवसेच्या दिवशी आलं. आईनं उघडलं. उघडताच भंडारा सांडला. आत कागदाच्या मधोमध प्रतिभाचं नाव, त्याभोवती रक्तासारखं कडं, काळ्या रेघा, चार कोपऱ्यांत डोळे, आणि वर सुईनं पाडलेली भोकं. आईनं तिथंच कागद टाकला. त्याच संध्याकाळी प्रतिभाला रक्त दिसलं. शिरूरला दवाखान्यात नेलं, तीन दिवस ठेवून घेतलं. देवाच्या दयेनं निभावलं.

आईनं देवऋषी आणला. तो म्हणाला, करणी आहे, नात्यातल्या बाईनं केलीय, जिच्या पोटी काही नाही अशा. मग कागद, सोबतची चिठ्ठी न वाचताच तिच्यासकट, नदीला नेऊन सोडला. मी स्वतः असलं मानत नाही. पण मला शिफ्टला जावं लागतं, मागं दोघी बायका घाबरून बसतात. प्रतिभाला मी विचारलं. असला कागद का आला, तिला काही माहीत नाही म्हणाली.

तेव्हा यापुढं घरी पत्र पाठवू नका. बाळंतपण होईपर्यंत इकडं येऊही नका. आबा तुमचे भाऊ, पण तेही यावर काही बोलत नाहीत.

शंभू


केडगाव
९ नोव्हेंबर २०२४

शंभू,

लई मोठा साहेब झालास रं. तुला मानताबी येत न्हाई आन् मोडताबी येत न्हाई.

दीड वर्साचा व्हतास तवा तुला गोवर निघाला. तुझी आई पयल्या दिवसापासनं तापानं पडलेली. नऊ दिवस तुला मांडीवरनं खाली ठिवला न्हाई मी. तवा माझ्या पोटी काय न्हाई हे कुणाला आठवलं न्हाई. मुतलास तर माझ्याच लुगड्यात.

तो कागद मी तुझ्या बायकोसाठी देवापाशी बसून काढला. देवाचं नाव घेत अकरा दिवस. तांबडं हाय ते तुझ्या आज्याच्या मेंढरांचा गेरू हाय. ज्याच्या जीवावर तुझा बाप वाढला त्या मेंढरांचा. आन् तुम्हाला त्याचं रगत दिसलं!

प्रतिभाला परत कायबी ईचारू नगंस. तिला खरंच कायबी म्हाईत न्हाई. माझ्याच मनात आलं, मीच नाव घातलं, मीच धाडलं. येडी हाय मी, दुसरं काय. तिच्यावर डोळं वटारू नगंस, तिला जेवायला घाला नीट.

आन् वहिनीला माझा एक निरोप सांग. करणी करणारी बाई पाकिटाच्या मागं आपलं नाव आन् पत्ता घालत न्हाई म्हणावं.

आता लिवणार न्हाई.

कुशाबाई


न्हावरे
१२ जानेवारी २०२५

ती. आत्यांना सा. न.

मुलगी झाली. २० डिसेंबरला, आठव्यातच. वजन एक किलो सातशे. अठरा दिवस काचेच्या पेटीत होती. आता घरी आणलीय, पिते, रडते, सगळं करते. हे आधी लिहिलं, कारण तुम्ही पहिलं हेच शोधाल.

आता दुसरं लिहिते. तुमचं यांना आलेलं पत्र कपाटात कपड्यांच्या खाली सापडलं. "तिला खरंच काही माहीत नाही" असं तुम्ही लिहिलंय. मी ते वाक्य इतक्या वेळा वाचलं की आता डोळे मिटले तरी दिसतं.

सासूबाईंना वाचता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी कागद लांब धरून त्यांनी मला विचारलं, "काय लिवलंय गं मधी?" मी देवाचं नाव आहे म्हणाले असते तर तिथंच मिटलं असतं. मी म्हणाले, माझं नाव आहे. तेवढंच खरं सांगितलं. मीच मागवलाय, हे पुढचं वाक्य तोंडातून निघेना. त्यांचा चेहरा बघून घाबरले. म्हटलं, त्या शांत झाल्या की सांगू. आणि संध्याकाळी रक्त दिसलं.

तेव्हा मलाही वाटलं आत्या. तुम्हीच केलंय असं वाटलं. ज्या कागदासाठी मी महिनाभर वाट बघितली त्याला मी हातसुद्धा लावला नाही. देवऋषी विचारत होता आणि मी मान हलवत होते.

बाळ काचेत होतं तेव्हा मी बाहेर बाकावर बसून असायचे. आत सोडत नव्हते. माझ्या हातात फाइल होती आणि बॉलपेन. फाइलीवर लिहिलं होतं, "बेबी ऑफ प्रतिभा". त्याला मी कधी कडं काढलं, कधी ठिपके दिले, मला कळलंच नाही. पुठ्ठा भरत आला तेव्हा नर्सनं फाइल ओढून घेतली, म्हणाली, "काय गिरगटून ठेवलंय हे, डॉक्टर ओरडतील." मी तिथंच रडायला लागले. ती बिचारी घाबरली, तिला वाटलं तिच्या बोलण्यानं.

परवा मी घरात सगळ्यांसमोर सांगितलं, कागद मी मागवला होता. सासूबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. हे म्हणाले, झालं गेलं जाऊ दे. आबा ताटावरून उठून बाहेर गेले.

माफ करा म्हणायला तोंड नाही. तरी म्हणते.

प्रतिभा


केडगाव
२२ जानेवारी २०२५

चि. प्रतिभा,

पोरगी झाली हे वाचलं आन् तशीच चप्पल घालून अनुपमाबाईंच्या घरापत्तुर चालत गेले. सांगायला दुसरं कोण हाय! बाईंनी साखर दिली हातावर. फुडचं पत्र मी घरी येऊन वाचलं. बरं झालं, साखर आधी खाल्ली.

माफ केलं म्हणते. म्हणायला काय लागतं? तू भ्यालीस, तुझ्या जागी मी असते तर मीबी भ्याले असते. पर माझ्या मनात काय हाय ते तुला सांगितलंच पायजे, न्हाईतर मी तुझ्याशी खोटं वागल्यागत व्हईल.

शंभूचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी परत तुझं नाव घेऊन बसले. रागानंच बसले, बघू कोण अडवतंय. गेरूचं कडं काढलं आन् मला ते वहिनीच्या डोळ्यांनी दिसलं. रगतच दिसलं. पानं काढली ती डोळं वटारून माझ्याकडंच बघाया लागली. आन् मनात आलं, खरंच माझ्या हातात काय असंल तर? नवरा तिशीत गेला. पोटी काय न्हाई. ज्याला ज्याला मी धरलं ते गेलं. जन्मात कवा हे मनात आलं नव्हतं प्रतिभा, आता रोज येतं. कागद चुलीत घातला आन् तवापासनं खडूला हात लावला न्हाई.

तुमी कागद नदीत सोडला त्याचं न्हाई मला. कागद लई हायेत दुकानात. पर माझ्यापाशी एकच गोष्ट व्हती, जी करताना मी एकटी नसायची. ती गेली. बाई म्हणत्यात, गेरू सोडा, निळ्या रंगानं काढा. रंगाचं काय हाय त्यात? मन भ्यालंय.

पोरीचं नाव मला कळवू नगंस. कळलं की काढावं वाटंल, आन् काढलं तर भ्या वाटंल. तिला जपा.

कुशाआत्या


न्हावरे
३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्या,

येत्या रविवारी, नऊ तारखेला, मी बाळाला घेऊन येतेय. सव्वा महिना होऊन गेला, डॉक्टर चालेल म्हणाले. चौफुल्यापर्यंत एसटी आणि पुढं रिक्षा. आबा बरोबर आहेत. सासूबाई नको म्हणाल्या, हे शिफ्टला निघून गेले. आबांनी दुपट्यांची पिशवी खुंटीला अडकवली, रविवारी उचलायला.

विचारत नाही, कळवतेय. विचारलं तर तुम्ही नको म्हणाल. दार लावून कुठं जाऊ नका.

प्रतिभा


केडगाव
१० फेब्रुवारी २०२५

चि. प्रतिभा हिला आन् बाळीला आशीर्वाद.

कालच लिवणार व्हते, पर तुमी गेल्यावर नुसती बसून ऱ्हायले. आज लिवते.

तू तासभर बोलत व्हतीस. मी मान हलवत व्हते खरी, पर त्यातलं निम्मंबी कळलं न्हाई मला. तू रडलीस ते दिसलं. ते कळायला कान लागत न्हाईत. दादा भिंतीला टेकून बसला आन् कपाटावरच्या खडूंच्या डब्याकडं बघत बसला, माझ्याकडं काय बघंना. चहा दोनदा घेतला त्यानं. निघताना माझ्या डोक्यावर हात ठिवला. मला मिशनात सोडून गेला तवा ठिवला व्हता, त्यानंतर आता.

तू पिशवीतनं काजळाची डबी काढून माझ्या फुडं केलीस, तवा मला वाटलं, धरायला दिलीय. तू माझं बोट धरून काजळात बुडवलंस आन् पोरीचं तोंड माझ्याकडं केलंस. तवा कळलं. मी हात मागं घेतला. नजर लागू नये म्हणून लावायची ती तीट लेकुरवाळीनं लावायची. माझ्यासारखीनं न्हाई लावायची. आमच्या वस्तीवर असल्या येळंला मला कोण जवळ उभं करायचं न्हाई, मीच आपली लांब व्हायची. तू माझा हात सोडलाच न्हाईस. लई आडदांड हायेस.

लावली मी. बोट टेकवलं आन् घाईनं मागं घेतलं, तर गालावरची तीट ओढली जाऊन कानाकडं गेली. वंगाळ दिसाया लागली. पोरगी शिंकली आन् तू हसलीस. मला वाटलं तू पुसून नीट करशील. न्हाई केलंस.

मंग मी दारात उभी ऱ्हायले. तुमी रिक्षात बसला, आन् तू पदर हातात घेतलास. म्हणलं, आता पुसंल. अठरा दिवस लेकरू काचेत बघितलेली आई हाय, भ्याली तर तिची काय चूक? तू पदर तिच्या तोंडावर धरलास, उन्हासाठी. रिक्षा वळंपत्तुर मी तुझा हात तेवढा बघत व्हते. वळणाच्या फुडं मला दिसत न्हाई.

तुमी गेल्यावर खोली हाय त्याच्यापेक्षा मोठी वाटाया लागली. खडूला अजून हात लावला न्हाई, खोटं कशाला सांगू? डबा खाली काढून ठिवलाय.

घरी गेल्यावर तीट पुसली असशील तर मला कळवू नगंस. तिचं नाव काय ठिवलं, तेवढं लिव.

तुझी,
कुशाआत्या